मोठ्या आकारातले छोटे आकार: मेंदू आधी काय बघतो?

प्रश्न सायकॉलॉजीच्या एका विद्यार्थिनीचा आहे आणि थोडक्यात असा, की मोठा आकार छोट्या छोट्या आकारांनी बनलेला असेल, म्हणजे समजा बारीक बारीक "म" मांडून एक मोठ्ठा "क" काढलाय, तर मेंदू आधी "म" ओळखून त्यांची जुळवाजुळव करत "क" पर्यंत पोचतो की आधी "क" दिसतो आणि मग "म"? आणि दुसरं, पझल्स वगैरे सोडवून ही नजर सुधारते का? मी न्यूरोसायकॉलॉजिस्ट आहे, स्ट्रोक आणि डिमेन्शियाच्या पेशंट्सच्या टेस्ट घेणं हे रोजचं काम, त्यामुळे उत्तर लांबणार आहे आणि मधे मधे पेशंट्सकडे वळणार आहे, कारण हा विषय मला पुस्तकांपेक्षा त्यांच्यामुळे जास्त कळला.

आधी सरळ उत्तर देते. मेंदूतल्या पेशींचं काम छोट्याकडून मोठ्याकडे जातं, पण आपल्याला "दिसलं" असं जे वाटतं ते बहुतेक वेळा मोठ्याकडून छोट्याकडे येतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्यांचा मेळ कसा बसतो हाच या विषयाचा गाभा आहे. आणि तिसरी गोष्ट, जी पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात उरकतात पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: अख्खं बघणं आणि तुकडे बघणं ही दोन बऱ्यापैकी वेगळी कामं आहेत, एक बिघडून दुसरं शाबूत राहू शकतं, आणि तसं झालं की माणूस "मला दिसत नाही" म्हणतो आणि डोळ्यांचा रिपोर्ट मात्र नॉर्मल येतो.

मोठ्या अक्षरात छोटी अक्षरं हा प्रकार सायकॉलॉजीत प्रसिद्ध झाला तो इस्रायलच्या डेव्हिड नॅव्हॉन यांच्या १९७७ सालच्या पेपरमुळे. त्यांनी बारीक एस वापरून मोठा एच, बारीक एच वापरून मोठा एस, असे इंग्रजी अक्षरांचे पॅटर्न केले आणि लोकांना क्षणभर दाखवून कधी मोठं अक्षर ओळखायला सांगितलं कधी छोटं. मोठं अक्षर लोक लवकर ओळखतात हे तर निघालंच, पण खरी गंमत पुढे आहे. छोटं अक्षर ओळखायचं असताना मोठं अक्षर वेगळं असेल तर माणूस अडखळतो, वेळ जास्त लागतो. उलट मोठं ओळखायचं असताना छोटी अक्षरं काहीही असोत, फारसा फरक पडत नाही. म्हणजे अख्ख्या आकाराकडे दुर्लक्ष करायचं ठरवलं तरी ते करता येत नाही, तुकड्यांकडे मात्र आरामात करता येतं. याला ग्लोबल प्रेसिडन्स म्हणतात.

आता इथेच बरेच जण थांबतात आणि "मेंदू आधी अख्खं बघतो" असा नियम करून टाकतात, तो तसा नाहीये. १९७९ साली किंचला आणि वुल्फ यांनी अक्षरांची साईझ बदलत नेली तर दिसलं की मोठं अक्षर डोळ्याशी साधारण ६ ते ९ डिग्रीच्या पुढे गेलं की पारडं फिरतं आणि छोटी अक्षरं आधी ओळखली जातात. डिग्री म्हणजे काय हे समजायला हात पूर्ण लांब करा आणि अंगठा वर करा, अंगठ्याची रुंदी साधारण २ डिग्री भरते, म्हणजे तीन-चार अंगठे शेजारी शेजारी ठेवले की ती सीमा आली. त्याच वर्षी मेरीॲन मार्टिन यांनी दाखवलं की छोटी अक्षरं संख्येने कमी आणि विरळ असतील तरी ग्लोबलचा फायदा जातो. एका कागदावर "म"चा "क" काढून भिंतीला लावा आणि लांबून जवळ येत जा, कुठेतरी एका अंतरावर तुमचं तुम्हाला जाणवेल की आता "म" आधी दिसायला लागले. कागद तोच, अक्षरं तीच, फक्त डोळ्यावर पडणारी साईझ बदलली. म्हणून कुणी "आधी अख्खं" म्हटलं की मी पहिलं विचारते, किती मोठं, किती दाट, किती लांबून?

आता पेशींकडे. रेटिनावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, साधारण १२ कोटी रॉड्स (मंद उजेडात बघणाऱ्या पेशी) आणि ६० लाखांच्या आसपास कोन्स (रंग आणि बारकावा बघणाऱ्या पेशी) असतात आणि मेंदूकडे जाणाऱ्या ऑप्टिक नर्व्हमधे तंतू असतात साधारण दहा लाख, म्हणजे डोळ्यातच बरीच गाळणी होते, मुख्यतः उजेड-अंधाराचा, रंगाचा फरक कुठे आहे तेवढं वर पाठवलं जातं. तिथून थॅलॅमस, म्हणजे मेंदूच्या मध्यावरचं माहिती पुढे पाठवणारं ठाणं, आणि तिथून डोक्याच्या मागच्या बाजूला प्रायमरी व्हिज्युअल कॉर्टेक्स, ज्याला व्ही-वन म्हणतात. इथे काय चालतं हे कळलं ते डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांच्यामुळे, बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समधे १९५८ च्या सुमारास. मांजराच्या मेंदूतल्या एकेका पेशीचं रेकॉर्डिंग करत होते, काचेच्या स्लाइडवरचे ठिपके पडद्यावर दाखवत होते आणि पेशी ढिम्म, काही केल्या प्रतिसाद देईना. मग स्लाइड सरकवताना काचेच्या कडेची एक पुसट सावली पडद्यावरून गेली आणि पेशी तडतड तडतड सुरू झाली. पेशीला ठिपका नको होता, तिला रेघ हवी होती, आणि ती सुद्धा ठराविक कलाची, म्हणजे ठराविक दिशेने झुकलेली. पुढे १९८१ चं नोबेल त्यांना मिळालं, त्या वर्षी त्या बक्षिसाचा दुसरा मानकरी होता रॉजर स्पेरी, ज्याने मेंदूचे डावे-उजवे भाग वेगळे वेगळे काय करतात यावर काम केलं, आणि ते डावं-उजवं प्रकरण आपल्याला थोड्या वेळाने लागणारच आहे.

तर व्ही-वन मधली एक पेशी डोळ्यासमोरच्या अगदी चिमुकल्या जागेची राखण करते, नजरेच्या मध्यावर तर एक डिग्रीपेक्षा कमी. तिथे रेघ आली, ती अमुक कलाची असली, तर ती बोलते. अशा अनेक पेशींची माहिती एकत्र होऊन व्ही-टू मधे जाते, तिथे कड कुठल्या वस्तूच्या मालकीची आहे, पुढची वस्तू कुठली आणि मागची कुठली, असल्या गोष्टींना प्रतिसाद देणाऱ्या पेशी भेटतात. १९८४ साली व्हॉन डर हाइट यांच्या टीमने दाखवलं की माकडाच्या व्ही-टू मधल्या काही पेशी तर प्रत्यक्षात नसलेल्या, फक्त भास होणाऱ्या कडेलाही प्रतिसाद देतात. मग व्ही-फोर, जिथे वळणं, कोपरे, बाक. आणि तिथून कानाजवळच्या बाजूला मेंदूच्या खालच्या भागात, इन्फिरियर टेम्पोरल कॉर्टेक्समधे, जिथे एकेका पेशीला दहा-वीस डिग्रीची किंवा त्याहून मोठी खिडकी दिसते आणि ती हात, चेहरा, वस्तू अशा पूर्ण आकारांना ओळखते. चेहऱ्यांचा एक ठराविक पट्टा माणसाच्या मेंदूत नॅन्सी कॅनविशर यांनी १९९७ मधे एफएमआरआयने, म्हणजे मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणाऱ्या स्कॅनने, दाखवला. मजल्यागणिक खिडकी मोठी होत जाते आणि ओळखायची गोष्ट गुंतागुंतीची होत जाते, ही झाली छोट्याकडून मोठ्याकडे जाणारी शिडी.

पण ही शिडी एकेरी नाही. १९९१ साली फेलमन आणि व्हॅन एसन यांनी मकाक माकडाच्या दृष्टीशी संबंधित भागांचा नकाशा केला, ३२ भाग आणि त्यांच्यातली ३०५ कनेक्शन्स, आणि त्यातली बहुतेक दोन्ही दिशांनी जाणारी. खालून वर जेवढे रस्ते तेवढेच जवळपास वरून खाली. थॅलॅमसच्या ज्या ठाण्यातून डोळ्याची माहिती पुढे जाते तिथे तर डोळ्याकडून येणारे सिनॅप्स, म्हणजे पेशी-पेशींमधले सांधे, दहाएक टक्केच असतात, बाकीचे बरेचसे कॉर्टेक्सकडून आणि मेंदूच्या बुंध्याकडून (ब्रेनस्टेम) येतात. एवढी वायरिंग उगाच कोण टाकून ठेवेल.

इथे शोल होखश्टाइन आणि मेराव अहिस्सार यांची २००२ सालची रिव्हर्स हायरार्की थिअरी येते, जी मला क्लिनिकमधे जे दिसतं त्याच्याशी सगळ्यात जास्त जुळते. त्यांचं म्हणणं असं, की खालून वर जाणारा पहिला प्रवास वेगाने होतो आणि त्याची आपल्याला जाणीवच नसते. जाणीव सुरू होते ती सगळ्यात वरच्या मजल्यावर, म्हणून आधी "बाजार", "चेहरा", "क" असं अख्खं मिळतं, आणि मग बारकावा हवा असेल तर मेंदू उलट्या रस्त्याने खाली उतरतो. हे मी विद्यार्थ्यांना महसूल खात्यावरून सांगते: पाहणी तलाठी करतो, कागद मंडल अधिकाऱ्याकडे, तिथून तहसीलदार, तिथून कलेक्टर, आणि कलेक्टरच्या टेबलावर "अमुक तालुक्यात पिकं गेली" एवढी एक ओळ येते, त्यांना एकेका गटाचा सातबारा दिसत नाही, पण हवा असेल तर ते खाली फोन करून मागवू शकतात. काम सातबाऱ्यापासून सुरू झालं, निर्णय घेणाऱ्याला मात्र आधी तालुकाच कळला.

वेग किती, तर फ्रान्समधल्या सायमन थॉर्प यांच्या टीमने १९९६ मधे लोकांना फोटो फक्त २० मिलिसेकंद दाखवून विचारलं की यात प्राणी आहे का, आणि ईईजीमधे, म्हणजे डोक्यावर तारा लावून घेतलेल्या मेंदूच्या विद्युत आलेखात, फोटो दाखवल्यापासून साधारण १५० मिलिसेकंदात "प्राणी आहे" आणि "नाही" यांचे सिग्नल वेगळे झालेले दिसले. एवढ्या वेळात खाली-वर फेऱ्या मारायला फारशी फुरसतच नसते, म्हणजे पहिला सपाटा बहुतेक एका दमात वर जातो. शिवाय ढोबळ माहिती नेणारे जाड तंतू, ज्यांना मॅग्नोसेल्युलर म्हणतात, ते बारकावा नेणाऱ्या तंतूंपेक्षा सिग्नल लवकर पोचवतात. चित्र धूसर केलं की जे उरतं, मोठे पट्टे, मोठे ढग, ते आधी पोचतं. ऑड ऑलिव्हा आणि फिलिप श्यिन्स यांच्या प्रकारचे हायब्रिड फोटो बघितले असतील तर लक्षात येईल, एका चेहऱ्याचा धूसर भाग आणि दुसऱ्या चेहऱ्याच्या बारीक रेघा एकाच फोटोत, जवळून एक माणूस दिसतो लांबून दुसराच.

पण सगळं धूसरपणावर ढकलू नका हं. ठिपक्यांची रांगोळी घ्या. नुसते ठिपके टाकून झालेत, एकही रेघ ओढलेली नाही, तरी तुम्हाला आडव्या रांगा, तिरक्या रांगा, अख्खा षटकोन दिसतोच. ठिपके एकमेकांना कुठेही चिकटलेले नाहीत. जवळचे ते एकत्र, सारखे ते एकत्र, एका ओळीत जाणारे ते एकत्र, हे नियम मॅक्स वेर्थायमर यांनी १९२३ मधे मांडले आणि आजही ते मोडीत निघालेले नाहीत. आणि एका रांगोळीकडे थोडा वेळ टक लावून बघितलं तर आधी आडव्या दिसणाऱ्या रांगा मधेच तिरक्या होतात, कागदावर काही न बदलता. म्हणजे "अख्खं" हे डोळ्यात आयतं येत नाही, मेंदू ते बांधतो, आणि एकाच मालातून वेगवेगळं बांधू शकतो. घरातल्या बायका पिढ्यानपिढ्या ठिपक्यांच्या जाळीतून कमळ काढत आल्यात ते याच क्षमतेवर, रेघ ओढायच्या आधी आकार त्यांना जाळीत दिसलेला असतो.

आपल्याकडचं एक चांगलं काम सांगितलंच पाहिजे. बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधे (आयआयएससी) एस. पी. अरुण यांची लॅब आहे, त्यांनी आणि जॉर्जिन जेकब यांनी २०२० मधे नॅव्हॉनसारखेच पॅटर्न घेऊन लोकांना गर्दीतून वेगळा पॅटर्न शोधायला लावला आणि शोधायला किती वेळ लागतो यावरून कुठले दोन पॅटर्न मेंदूला किती वेगळे वाटतात हे मोजलं. निघालं असं, की दोन पॅटर्नमधलं एकूण वेगळेपण हे मोठ्या आकारांचं वेगळेपण, छोट्या आकारांचं वेगळेपण आणि मोठ्या-छोट्यातली देवाणघेवाण यांच्या बऱ्यापैकी साध्या बेरजेने सांगता येतं. मला हे आवडतं कारण यात "आधी कोण" ही शर्यत बाजूला राहते आणि "कोणाचा वाटा किती" असं विचारता येतं. त्याच लॅबचं २०१९ चं काम वाचनावर आहे, तेलुगू आणि मल्याळम वाचणाऱ्यांवर, की लिपी वाचता येणाऱ्यांच्या बाबतीत अक्षरांची जोडी कशी दिसेल हे सुट्या अक्षरांवरून जास्त नीट सांगता येतं. म्हणजे वाचायला शिकलं की अक्षरं एकत्र गोळा होऊन दिसतात असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात तुकडे जास्त स्वच्छ सुटे होतात आणि म्हणूनच वाचन वेगाने होतं.

आता डावं-उजवं. १९८६ साली डेलिस, रॉबर्टसन आणि एफ्रॉन यांनी मेंदूच्या एका बाजूला इजा झालेल्या पेशंट्सना बारीक झेडने बनलेला मोठा एम दाखवला आणि आठवून काढायला सांगितलं. उजव्या बाजूला इजा असलेल्यांनी झेड काढले, नुसते झेड, पानभर विखुरलेले, एमचा पत्ता नाही. डाव्या बाजूला इजा असलेल्यांनी छान मोठा एम काढला, झेड गायब. ही चित्रं मी पहिल्यांदा बघितली तेव्हा अंगावर काटा आला होता आणि अजूनही नवीन विद्यार्थी आले की तीच आधी दाखवते. आमच्या रोजच्या कामात हे रे कॉम्प्लेक्स फिगरमधे दिसतं, आंद्रे रे यांनी १९४१ मधे केलेली गुंतागुंतीची आकृती, जी पेशंटने बघून काढायची असते, १८ भाग, ३६ पैकी गुण. पण मार्कांपेक्षा पेशंट ती कशी काढतोय हे बघायचं असतं. एकजण बाहेरचा मोठा आयत आणि कर्ण ओढून मग आतले तपशील भरतो. दुसरा एका कोपऱ्यातल्या चौकोनापासून सुरू करतो, त्याला चिकटून पुढचं, त्याला चिकटून पुढचं, आणि शेवटी सगळे भाग कागदावर असतात पण आकृती नसते. म्हणून मी रंगीत पेन्सिली बदलत देते, म्हणजे क्रम नंतर वाचता येतो. मार्क सारखे असलेले दोन पेशंट पूर्णपणे वेगळे असू शकतात, आणि रिपोर्टमधे फक्त आकडा लिहिणाऱ्यांबद्दल मला खरंच वाईट वाटतं, सगळी माहिती तर त्या क्रमात होती.

हां, पण यावरून "उजव्या मेंदूची माणसं कलाकार, डाव्या मेंदूची हिशेबी" असलं काही कुणी सांगत असेल तर ते सोडून द्या. निरोगी माणसात दोन्ही बाजू एकमेकांशी सतत जोडलेल्या असतात आणि हा फरक मिलिसेकंदात मोजावा लागतो एवढा बारीक आहे.

आता ज्यासाठी मी एवढं लिहायला बसले ते. १९०९ साली बुडापेस्टच्या रेझ्यो बालिंट यांनी एका पेशंटचं वर्णन केलं ज्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचे पॅरायटल भाग, म्हणजे डोक्याचा वरचा-मागचा भाग, खराब झालेले होते. नजर शाबूत, पण एका वेळी एकच वस्तू दिसायची, समोरच्या वस्तूला हात नीट पोचायचा नाही, आणि नजर हवी तिथे वळवता यायची नाही. एका वेळी एकच दिसणं याला सायमल्टॅनॅग्नोसिया म्हणतात. अशा माणसाला "म"चा "क" दाखवला तर तो म्हणतो "म". अजून काही? "अजून एक म." मोठं अक्षर कुठलं विचारलं तर तो गोंधळून तुमच्याकडे बघतो, मोठं अक्षर आहेच कुठे. आणि इथे २००० साली कार्नाथ आणि सहकाऱ्यांनी दाखवलेली गोष्ट फार महत्त्वाची आहे: अशा पेशंटला मोठं अक्षर सांगता येत नव्हतं, पण मोठं अक्षर छोट्यापेक्षा वेगळं असलं की छोटं ओळखायला त्याला वेळ जास्त लागायचा. म्हणजे अख्खा आकार मेंदूत कुठेतरी तयार होत होता, जाणिवेपर्यंत पोचत नव्हता. कागद कलेक्टर ऑफिसात आला पण टेबलावर नाही आला.

स्ट्रोकमधे हे अचानक होतं म्हणून निदान कुणीतरी तपासतं. हळूहळू होतं ते पोस्टिरियर कॉर्टिकल ॲट्रॉफीमधे, १९८८ मधे फ्रँक बेन्सन यांनी याला नाव दिलं. बहुतेकांत मुळाशी अल्झायमरचाच आजार असतो पण सुरुवात आठवणींपासून होत नाही, डोक्याच्या मागच्या भागापासून होते, आणि वयही बहुतेकदा पन्नाशीचं मधलं ते साठीचं सुरुवातीचं. आठवण चांगली, बोलणं चांगलं, नाती-नावं सगळं नीट, आणि तक्रार एकच: नीट दिसत नाही. मग डोळ्यांचे डॉक्टर, चष्मा, दुसरा चष्मा, मोतिबिंदूचं ऑपरेशन, आणि तरीही ओळ हरवते, समोर ठेवलेली किल्ली सापडत नाही, पायरी आहे की नुसती रेघ आहे कळत नाही, गाडी पार्क करताना घासते. घरचे म्हणतात लक्ष नाही, मुलं म्हणतात नाटक करतायत. माझ्याकडे येईपर्यंत माणूस स्वतःलाच वेडं समजायला लागलेला असतो. त्यांना मी जेव्हा म्हणते की तुमचे डोळे ठीक आहेत आणि तुम्ही खोटंही बोलत नाही आहात, दिसणारे तुकडे जुळत नाहीयेत, तेव्हा बरेच जण रडतात.

आणि यात एक गोष्ट अशी आहे जी घरच्यांनी माहीत करून घ्यायलाच हवी. यातल्या काहींना मोठी अक्षरं लहान अक्षरांपेक्षा वाचायला जास्त अवघड जातात. आपण प्रेमाने मोबाइलचा फॉन्ट वाढवून देतो, मोठ्या टाइपातली पोथी आणून देतो, आणि त्यांचं वाचन अजून बिघडतं. कारण लक्षाची खिडकीच आकसलेली आहे, लहान शब्द त्यात पूर्ण मावतो, मोठ्या शब्दाचा एक काना नाहीतर वेलांटीच तेवढी येते. देवनागरीत तर हे अजून त्रासाचं होतं कारण अक्षराच्या वर, खाली, मागे, पुढे सगळीकडे काहीतरी असतं, पहिली वेलांटी लागते डावीकडे आणि तिचा उच्चार येतो नंतर. म्हणून आधी ट्राय करून बघा, दोन-तीन साईझमधे एकच वाक्य लिहून कुठलं जास्त सहज वाचलं जातं ते बघा. जाड कागदात एक ओळ दिसेल एवढी फट कापा आणि ती ओळीवर ठेवून वाचू द्या. ताटाखालचा टेबलक्लॉथ साधा, एका रंगाचा, आणि ताटाच्या रंगापेक्षा वेगळा ठेवा, फुलाफुलांचा असेल तर त्यातून वाटी शोधणं म्हणजे त्यांच्यासाठी परीक्षाच. पायऱ्यांच्या कडेला गडद रंगाची पट्टी लावा. समोर एका वेळी एकच वस्तू ठेवा. गाडी चालवणं मात्र थांबवा, यावर मी तडजोड करत नाही. आणि चष्मे बदलून फरक पडत नसेल तर न्यूरॉलॉजिस्टला "एका वेळी एकच गोष्ट दिसते, ओळ हरवते" या शब्दांत सांगा, नुसतं "अंधुक दिसतं" म्हटलं तर परत डोळ्यांकडेच पाठवतील.

जुळवणी जन्मजात असते की शिकतो, हा प्रश्न ओघाने येतोच. एमआयटीच्या पवन सिन्हा यांचा प्रोजेक्ट प्रकाश याच्यावर सगळ्यात बोलका आहे. दिल्लीत जन्मापासून मोतिबिंदू वगैरेमुळे न दिसणाऱ्या मुलांची, तरुणांची ऑपरेशनं होतात आणि नंतर त्यांना काय दिसतं ते तपासलं जातं. २००९ च्या त्यांच्या अभ्यासात नव्याने दृष्टी आलेल्यांना एकमेकांवर चढलेले दोन आकार दाखवले तर त्यांना ते तीन तुकडे वाटायचे, साध्या फोटोतसुद्धा प्रत्येक रंगाचा, प्रत्येक सावलीचा डाग ही वेगळी वस्तू. पण तोच आकार हलवला की चट्कन एक दिसायचा, जे एकत्र हलतं ते एक. आणि काही महिन्यांनी न हलणाऱ्या चित्रातही जुळवणी सुधारत गेली. मला यातलं सगळ्यात मोठं काय वाटतं तर वय उलटलं म्हणून ऑपरेशन करून उपयोग नाही असं जे सरसकट म्हटलं जायचं ते इतकं सरळ नाही.

शिवाय हे सगळीकडे सारखंही नाही. उत्तर नामिबियातल्या हिंबा लोकांवर ज्यूल्स डेव्हिडॉफ यांच्या टीमने २००८ मधे हे पॅटर्न वापरले तर त्यांचा कल ठळकपणे छोट्या आकारांकडे निघाला, आणि २०१२ च्या पुढच्या अभ्यासात शहरात राहायला आलेल्या हिंबांमधे तो कल कमी झालेला दिसला. बबून माकडंही छोट्याला आधी धरतात. ऑटिझममधे तपशिलाकडे ओढा असतो हे उटा फ्रिथ यांनी मांडलं, पण त्यांना अख्खं दिसतच नाही असा अर्थ कुणी काढू नये, सांगितलं तर दिसतं, आपोआप तिकडे जायला वेळ लागतो एवढंच बहुतेक अभ्यास दाखवतात. पालकांनी याला दोष समजू नये, असं बघणं ही त्या मुलाची ताकदही असते.

कॉम्प्युटरबद्दल दोन ओळी, कारण हल्ली प्रत्येकजण विचारतो. ह्यूबेल-वीझलच्या शिडीवरून १९८० मधे कुनिहिको फुकुशिमा यांनी निओकॉग्निट्रॉन नावाचं आकार ओळखणारं कॉम्प्युटर मॉडेल केलं आणि आजचे फोटो ओळखणारे नेटवर्क त्याच घराण्यातले. पण २०१९ मधे रॉबर्ट गाइरहोस यांच्या टीमने मांजराच्या आकारावर हत्तीची कातडी चढवून दाखवली, माणसं म्हणाली मांजर, अशी नेटवर्क म्हणाली हत्ती. शिडी आहे, पण बाहेरच्या आकाराला आपण जेवढा मान देतो तेवढा ती नेटवर्क देत नव्हती.

राहिला सरावाचा प्रश्न. सराव केला की त्या कामात सुधारणा होते, नक्की होते, पण ती बाकीकडे पसरते का? १९९१ मधे कार्नी आणि सागी यांनी बारीक टेक्स्चरमधला फरक ओळखायचा सराव लोकांना करायला लावला तर सुधारणा नजरेच्या ज्या जागी सराव केला तिथेच राहिली, आणि एका डोळ्याने केला तर दुसऱ्या डोळ्याला फार फायदा नाही. पुढे अहिस्सार आणि होखश्टाइन यांना दिसलं की काम सोपं असेल तर शिकलेलं दुसरीकडेही वापरता येतं, फार अवघड असेल तर ते त्या जागेला आणि त्या कलाला चिकटून राहतं. त्यांच्या थिअरीत हे नीट बसतं, सोपं काम वरच्या मजल्यावर शिकलं जातं, अवघड कामासाठी खाली उतरावं लागतं आणि खालच्या पेशींची खिडकी चिमुकली. तर पझल्स आवडत असतील तर जरूर सोडवा, पण एकाच ॲपमधली एकाच साईझची तीच तीच पझल्स सोडवून एकूण नजर तल्लख होईल ही अपेक्षा ठेवू नका. स्ट्रोकनंतरच्या पेशंट्सना मी सोप्यापासून सुरू करते आणि साईझ, जागा, वस्तू सतत बदलत ठेवते, खरी भांडी, खरं कपाट, खरं वर्तमानपत्र.

आणि तुम्ही पेपरसाठी स्वतः "म-क" चा प्रयोग करणार असाल तर स्क्रीनपासूनचं अंतर आणि अक्षरांची साईझ डिग्रीमधे लिहून ठेवा, अक्षरांमधली मोकळी जागा लिहा, आणि "म" आणि "क" सुटे दाखवले तर सारख्याच वेगाने ओळखले जातात ना हे आधी तपासा. शिरोरेषेचंही बघा, छोट्या "म"च्या शिरोरेषा शेजारी शेजारी आल्या की त्यांची सलग आडवी रेघ तयार होते आणि मोठा आकार आयताच जोडला जातो, त्यामुळे शिरोरेषेसकट आणि शिरोरेषेशिवाय असे दोन्ही सेट करा.